तीन आठवड्यांचा खोकला

फुप्फुसाचा कर्करोग हा जगात सर्वाधिक बळी घेणारा कर्करोग आहे. २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे २५ लाख लोकांमध्ये त्याचे निदान झाले आणि १८ लाखांहून अधिक लोक त्याने दगावले. कर्करोगाने होणाऱ्या दर पाच मृत्यूंमागे जवळजवळ एक मृत्यू या एकट्या रोगाचा असतो. भारतात त्याच वर्षी अंदाजे ८१ हजार नवे रुग्ण आढळले आणि ७५ हजार मृत्यू झाले. हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत. स्तनाच्या कर्करोगाचे नवे रुग्ण त्या वर्षी भारतात १ लाख ९२ हजारांच्या घरात होते आणि मृत्यू ९८ हजार, म्हणजे साधारण निम्मे. फुप्फुसाच्या कर्करोगात मात्र निदान आणि मृत्यू यांच्या आकड्यांत फारसे अंतरच उरत नाही.

यामागचे सर्वांत मोठे कारण म्हणजे उशीर. अमेरिकेतील नोंदींनुसार रोग फुप्फुसापुरताच असताना सापडला तर पाच वर्षांनंतर दहापैकी सहा रुग्ण हयात असतात; तो दूरच्या अवयवांत पसरल्यावर सापडला तर दहापैकी जेमतेम एक. भारतात जवळजवळ निम्म्या रुग्णांमध्ये निदानाच्या दिवशीच रोग दूरवर पोचलेला असतो. उरलेल्यांपैकीही बऱ्याच जणांत तो छातीतील लसिका ग्रंथींपर्यंत गेलेला असतो. हा उशीर काही अंशी रोगाच्या स्वभावामुळे होतो आणि काही अंशी माणसांच्या समजुतींमुळे. रोगाचा स्वभाव बदलता येत नाही. समजुती बदलता येतात. या रोगाच्या जनजागृतीचे सारे मोल तिथे आहे.

सोशिक अवयव

उजव्या फुप्फुसाचे तीन खंड असतात, डाव्याचे दोन. श्वासनलिका छातीत उतरली की तिला दोन फांद्या फुटतात, मग उपफांद्या, मग डहाळ्या, आणि शेवटी द्राक्षाच्या घडासारखे वायुकोश लागतात. त्यांची संख्या ३० कोटींहून अधिक भरते. माणूस दिवसाला सुमारे २० हजार वेळा श्वास घेतो आणि १० हजार लिटरहून जास्त हवा आत-बाहेर करतो. त्या हवेत जे असेल ते या नाजूक पडद्यावर येऊन बसते.

फुप्फुसाच्या आतल्या मांसल भागाला वेदनेची जाणीव नसते. दुखते ते त्याच्यावरचे आवरण, किंवा गाठ फासळ्यांपर्यंत पोचली तर फासळी. शिवाय या अवयवाची राखीव ताकद मोठी आहे. एक फुप्फुस काढून टाकल्यावरही माणूस चालतो, फिरतो, संसार करतो. त्यामुळे बोराएवढी गाठ आत वाढत असली तरी बाहेर काही कळत नाही. पोटात किंवा दातात असे काही झाले असते तर माणूस दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेला असता. फुप्फुस सोसत राहते, आणि तेच रुग्णाला महागात पडते.

या कर्करोगाचे दोन मुख्य गट मानले जातात. सुमारे ८५ टक्के रुग्णांमध्ये ‘नॉन-स्मॉल सेल’ प्रकार असतो. त्यात अॅडिनोकार्सिनोमा आणि स्क्वॅमस हे प्रमुख उपप्रकार येतात. उरलेल्या सुमारे १५ टक्क्यांत ‘स्मॉल सेल’ प्रकार असतो. तो झपाट्याने वाढतो, लवकर पसरतो आणि धूम्रपानाशी फार घट्ट जोडलेला आहे.

दुर्मीळ रोगाची साथ

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हा रोग इतका विरळा होता की आयझॅक अॅडलर या डॉक्टरांनी १९१२ साली त्यावर ग्रंथ लिहिताना, एवढ्या दुर्मीळ रोगावर ग्रंथ लिहिण्याचे कारण काय, याचा खुलासा करणे गरजेचे मानले. मात्र त्याआधीच एक इशारा मिळाला होता. जर्मनीतील श्नेबर्ग भागातल्या खाणकामगारांच्या छातीत होणारा जीवघेणा आजार म्हणजे फुप्फुसाचा कर्करोग आहे, असे १८७९ साली दाखवले गेले. खडकांतून झिरपणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायू त्यामागे होता, हे पुढे कळले.

रोगाचे रूप पालटले ते सिगारेटच्या यंत्राने. जेम्स बॉन्सॅक या अमेरिकी तरुणाने १८८० च्या सुमारास सिगारेट वळणारे यंत्र तयार केले आणि जे काम हातांनी व्हायचे ते दिवसाला लाखाच्या हिशेबात होऊ लागले. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या शिध्यात सिगारेट आली. तिथून वीस-तीस वर्षांनी रुग्णालयांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण वाढू लागले. धूर आणि गाठ यांच्यातला हा दोन-तीन दशकांचा काळ समजून घेण्यासारखा आहे; आज ओढलेल्या सिगारेटची शिक्षा आज मिळत नाही, म्हणूनच ती निरुपद्रवी वाटते.

१९५० साली लंडनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी रुग्णालयांतील रुग्णांची पद्धतशीर विचारपूस करून सिगारेटचा संबंध दाखवला. त्याच वर्षी अमेरिकेत अर्न्स्ट विंडर आणि इव्हार्ट्स ग्रॅहम यांनीही हाच निष्कर्ष काढला. डॉल यांना आधी रस्त्यावरच्या डांबराचा आणि मोटारींच्या धुराचा संशय होता. माहिती हाती येताच त्यांनी स्वतःची सिगारेट सोडली. पुढे ब्रिटनमधील हजारो डॉक्टरांच्या सवयी आणि मृत्यू यांचा माग त्यांनी तब्बल ५० वर्षे ठेवला. आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्याचे आयुष्य सरासरी सुमारे १० वर्षांनी घटते, हे त्यातून सिद्ध झाले.

ग्रॅहम यांची कथा अधिक चटका लावणारी आहे. कर्करोग झालेले संपूर्ण फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत पहिल्यांदा यशस्वीपणे काढण्याचा मान त्यांच्याकडे जातो. ती शस्त्रक्रिया १९३३ साली सेंट लुईस येथे झाली. रुग्ण स्वतः डॉक्टर होता आणि तो पुढे ३० वर्षे जगला. ग्रॅहम मात्र दीर्घकाळ सिगारेट ओढत आले होते. आपल्याच संशोधनानंतर त्यांनी ती सोडली, पण तोवर उशीर झाला होता. १९५७ साली फुप्फुसाच्या कर्करोगानेच त्यांचा मृत्यू झाला.

विडी, चूल आणि हवा

तंबाखूच्या धुरात ७ हजारांहून अधिक रसायने असतात आणि त्यांपैकी किमान ७० कर्करोगकारक आहेत. भारतात हा धूर सिगारेटपेक्षा विडीतून अधिक जातो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी ७.७ टक्के विडी ओढणारे आढळले आणि ४ टक्के सिगारेट ओढणारे.

विडीचा प्रवास महाराष्ट्राला परका नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच्या जंगलांत तेंदूपत्त्याची तोडणी होते. सोलापूर, सिन्नर, संगमनेर या भागांत बायका मांडीवर सूप घेऊन बसतात, पान कात्रीने मापात कापतात, चिमूटभर तंबाखू पसरतात, बोटांनी वळतात, तोंड दुमडतात आणि दोऱ्याने बांधतात. अशा शेकडो विड्या वळल्या की दिवसाची मजुरी होते. तंबाखूची पूड त्या घरात, अंथरुणात, मुलांच्या श्वासात असते. विडी लहान आणि ‘पानाची’ म्हणून सौम्य, हा समज चुकीचा आहे. तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही. झुरका मारत राहिले नाही तर विडी विझते. त्यामुळे ओढणारा जास्त वेळा आणि खोल झुरके घेतो. सिगारेटपेक्षा तंबाखू कमी असूनही डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड फुप्फुसात जास्त उतरतात. हुक्का, चिलीम, सुगंधी सिगारेट यांतले काहीच सुरक्षित नाही. शेजारी बसून धूर घेणाऱ्या बायकोमुलांनाही धोका असतो.

महाराष्ट्राचे चित्र मात्र थोडे वेगळे आहे. त्याच पाहणीत राज्यातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे आढळले, पण धूर ओढणारे फक्त ३.८ टक्के होते. बाकीची तंबाखू मळून, मशेरी लावून किंवा गुटख्यातून तोंडात जाते आणि तिचा पहिला घाव तोंडावर पडतो. धूम्रपान इतके कमी असलेल्या राज्यातही फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण येत राहतात, याचा अर्थ कारणे आणखी आहेत.

त्यांतले एक कारण स्वयंपाकघरात आहे. पऱ्हाट्या, तुराट्या, काटक्या, गोवऱ्या चुलीत घालून फुंकणीने जाळ करणारी बाई तोंड चुलीशी नेते आणि धुराचा पहिला लोट तिच्या छातीत जातो. कडेवर मूल असेल तर त्याच्याही. घरात कोळसा जाळल्याने निघणारा धूर निश्चित कर्करोगकारक आहे आणि लाकूडफाट्याचा धूर बहुधा कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ठरवले आहे. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅसची शेगडी गरीब घरांपर्यंत नेली. पण सिलिंडर पुन्हा भरणे परवडत नाही तेव्हा चूल पेटतेच. अनेक घरांत चहा गॅसवर आणि भाकरी, आंघोळीचे पाणी चुलीवर अशी वाटणी असते.

दुसरे कारण बाहेरची हवा. याच कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला आणि २०१३ साली एकूणच प्रदूषित बाह्य हवेला निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत टाकले. यातले सर्वांत घातक म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान धूलिकण. केसाच्या जाडीच्या विसाव्या-पंचविसाव्या हिश्श्याचे हे कण नाकातल्या केसांना आणि घशातल्या कफाला चुकवून थेट वायुकोशापर्यंत जातात. त्यांची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारताचे स्वतःचे मानक ४० आहे आणि अनेक शहरांत तेही पाळले जात नाही. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात मानके न पाळणाऱ्या शहरांची यादी झाली, तेव्हा सर्वाधिक शहरे महाराष्ट्रातली निघाली. मुंबई, पुणे, नागपूर यांच्याबरोबर चंद्रपूर, जालना, लातूर, सांगली यांचीही नावे तीत आहेत. दिवाळीच्या चार दिवसांत फटाक्यांनी हवा बिघडते आणि तिची बातमी होते. फुप्फुस मात्र वर्षाच्या ३६५ दिवसांचा हिशेब ठेवते.

तिसरा गट कामाच्या जागेचा. अॅस्बेस्टॉस, सिलिकाची धूळ, क्रोमियम, आर्सेनिक, डिझेलचा धूर यांत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना धोका अधिक असतो. खडी क्रशरवरचा मजूर, दगड फोडणारा, जुने सिमेंटचे पत्रे कापणारा गवंडी यांपैकी कोणाच्याही तोंडावर सहसा योग्य मास्क दिसत नाही. अॅस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की धोके एकमेकांना वाढवतात. याशिवाय कुटुंबात हा रोग असणे आणि क्षयरोगाने फुप्फुसात राहिलेले जुने व्रण यांनीही धोका वाढतो.

‘ओढत नव्हते, तरी झाला’

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१२ साली ४८९ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतल्या निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेले नव्हते. पाश्चात्त्य देशांत न ओढणाऱ्यांचे प्रमाण याहून पुष्कळ कमी असते. भारतीय रुग्णाचे वयही कमी असते; अमेरिकेत हा रोग साधारण सत्तरीत सापडतो, भारतात त्याच्या दहा वर्षे किंवा त्याहूनही आधी. म्हणजे घर चालवणारे, मुलांची शिक्षणे-लग्ने अजून व्हायची असलेले माणूस आजारी पडते.

समाजाची समजूत मात्र जुनीच राहिली आहे. या रोगाचे नाव ऐकताच नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात तो ‘किती ओढायचा?’ हाच. ज्याने कधी ओढली नाही त्याला हा प्रश्न जखमेवर मीठ चोळल्यासारखा लागतो. ज्याने ओढली, तो अपराधीपणाने गप्प बसतो, खोकला लपवतो, डॉक्टरला खरे सांगत नाही. दोन्हीकडून नुकसान रुग्णाचेच होते. न ओढणारी बाई आणि तिचा डॉक्टर दोघेही ‘हिला कसा होईल?’ असे मानून गाफील राहतात. निकोटिनचे व्यसन मेंदूत घर करते. ते लागलेला माणूस मदतीला पात्र असतो, दोषारोपाला नव्हे.

शरीर काय सांगते

सर्वांत सर्रास आढळणारे लक्षण खोकला. दोन-तीन आठवड्यांत न थांबणारा, किंवा जुनाच असलेला पण पोत बदललेला. ओढणाऱ्याला ‘विडीचा खोकला’ अंगवळणी पडलेला असतो. तो वाढला, रात्री उठवू लागला, आवाज बदलला, तर तो जुना खोकला राहिलेला नसतो. बेडक्यात रक्ताची रेघ दिसणे हे दुसरे लक्षण. ती एकदाच दिसली आणि थांबली, तरी तपासणी आवश्यक आहे.

जिना चढताना नव्याने लागणारा दम, छातीत किंवा खांद्यात ठाण मांडून बसलेले दुखणे, काही आठवडे बसलेला आवाज, एकाच जागी पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया, फुप्फुसाभोवती पाणी होणे, कारण नसताना घटणारे वजन आणि मेलेली भूक ही पुढची चिन्हे. बोटांची टोके फुगून नखे पोपटाच्या चोचीसारखी वाकणे हेही एक चिन्ह आहे. दोन्ही हातांच्या तर्जनीची नखे पाठीला पाठ लावून धरली तर निरोगी माणसात मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराची लहानशी फट दिसते. नखे फुगलेली असली तर ती फट बुजते. चेहरा आणि मान सुजणे, हाडे दुखणे, सतत डोके दुखणे किंवा फिट येणे ही लक्षणे बहुधा रोग पुढे गेल्याची असतात.

यांतले प्रत्येक लक्षण साध्या आजारातही होते आणि बहुतेक खोकले कर्करोगाचे नसतात. म्हणून घाबरण्याचे कारण नाही, पण अंगावर काढण्याचेही कारण नाही.

टीबीची सावली

भारतात या रोगाच्या निदानाआड येणारे एक मोठे कारण म्हणजे क्षयरोग. जगातील क्षयरुग्णांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश भारतात आहेत. खोकला, बारीक ताप, रक्त पडणे, वजन घटणे, एक्स-रेत फुप्फुसाच्या वरच्या भागात पांढरा डाग, ही लक्षणे दोन्ही रोगांत दिसतात. तालुक्याच्या गावी डॉक्टर एक्स-रे पाहतो आणि टीबी समजून गोळ्या सुरू करतो. अनुभवाने तो अंदाज बहुतेक वेळा बरोबर ठरतो. ज्याच्या बाबतीत चुकतो, त्याचे महिने जातात. टीबीचा पूर्ण कोर्स सहा महिन्यांचा असतो आणि दोन महिन्यांनी फरक पडला नाही तर ‘अजून थोडे दिवस घ्या’ असे सांगितले जाते.

मोठ्या कर्करोग रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात बाकावर बसलेल्या नातेवाइकाच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी असते. तीत एक्स-रेची पाकिटे तारखेच्या क्रमाने ठेवलेली असतात. पहिले तालुक्याच्या गावचे, त्यावर पेनाने लिहिलेला टीबीचा शेरा. दुसरे दोन महिन्यांनंतरचे, डाग तसाच. तिसरे जिल्ह्याच्या ठिकाणचे, डाग मोठा. आणि शेवटी सीटी स्कॅनचा अहवाल. त्या पिशवीत रोगाचा सारा प्रवास वाचता येतो. पहिल्या आणि शेवटच्या पाकिटाच्या मधल्या महिन्यांत गाठीने आपले काम केलेले असते.

यावर उपाय आहे आणि तो क्षयरोग कार्यक्रमाच्याच नियमांत आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासावी, शक्यतो जनुकीय चाचणीने. ही तपासणी सरकारी केंद्रांत मोफत होते. जंतू सापडले तर टीबीचे उपचार पूर्ण करावेत. जंतू सापडले नाहीत आणि एक्स-रेत डाग आहे, तर नुसत्या अंदाजाने महिनोन्‌महिने गोळ्या न देता सीटी स्कॅन आणि तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. थुंकी निगेटिव्ह येणे म्हणजे माणूस निरोगी असणे नव्हे. दोन्ही रोग एकाच वेळी असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे लागते. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या टीबी मोहिमेत हातात धरता येणारी एक्स-रे यंत्रे गावोगाव नेण्यात आली. त्याच फोटोत गाठही दिसू शकते. पाहणाऱ्याच्या मनात ती शक्यता असायला हवी, आणि दिसल्यावर रुग्णाला कुठे पाठवायचे ते ठरलेले हवे.

निदानाची वाट

छातीचा एक्स-रे ही पहिली पायरी. तो स्वस्त आहे आणि सगळीकडे होतो, पण पाचांतली एखादी गाठ त्यात निसटू शकते. हृदयामागे किंवा हाडाच्या सावलीत ती लपते. म्हणून फोटो स्वच्छ असूनही लक्षणे टिकून राहिली तर सीटी स्कॅन करावा. सीटीत गाठ दिसली तरी ती कर्करोगाची आहे हे ठरते तुकडा तपासल्यावरच. तो छातीतून सुई घालून किंवा श्वासनलिकेत दुर्बीण उतरवून काढतात. फुप्फुसाभोवती पाणी असेल तर ते काढूनही पेशी तपासता येतात.

‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही भीती खेड्यांत आणि शहरांत सारखीच आढळते. ती निराधार आहे. तुकड्याशिवाय प्रकार कळत नाही आणि प्रकार कळल्याशिवाय योग्य औषध निवडता येत नाही. त्यानंतर पेट-सीटी आणि मेंदूचा एमआरआय यांनी रोगाचा पसारा पाहून टप्पा ठरवतात. पहिला टप्पा फुप्फुसापुरता, चौथा दूर पसरलेला.

उपचार किती पुढे गेले

पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यात शस्त्रक्रियेने फुप्फुसाचा बाधित खंड काढतात आणि रोग मुळापासून जाण्याची सर्वाधिक शक्यता इथेच असते. शस्त्रक्रिया झेपणार नसेल तर गाठीवर नेमका रोख धरून मोठ्या मात्रेचे किरणोपचार करतात. रुग्णांच्या बोलीत त्याला ‘लाइट’ किंवा ‘शेक’ म्हणतात. तिसऱ्या टप्प्यात किरणोपचार आणि केमो एकत्र देतात आणि काही रुग्णांत शस्त्रक्रियाही करतात.

चौथ्या टप्प्यात रोग सहसा मुळापासून जात नाही, पण गेल्या वीस वर्षांत इथेच मोठा बदल झाला आहे. २००४ साली काही रुग्णांच्या गाठीत ईजीएफआर या जनुकात बदल असल्याचे आणि त्यांना विशिष्ट गोळ्यांचा गुण येत असल्याचे लक्षात आले. भारतात अॅडिनोकार्सिनोमाच्या दर चार रुग्णांमागे साधारण एकात हा बदल सापडतो; न ओढणाऱ्यांत आणि स्त्रियांत अधिक. अशा रुग्णाला केमोऐवजी घरी रोज गोळी घेऊन उपचार करता येतात. गेफिटिनिब ही त्यांतली जुनी गोळी. तिच्याबरोबर केमो दिल्यास काय होते, हे टाटा मेमोरियलने ३५० रुग्णांवर तपासले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रोग आटोक्यात राहण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. दुष्परिणाम वाढले, पण आयुष्यही वाढले. मुंबईत झालेल्या या कामाची दखल जगाने घेतली.

शरीराच्या प्रतिकारशक्तीवरचा लगाम सोडवणारी इम्युनोथेरपी हा दुसरा बदल. तिच्या मूळ शोधासाठी जेम्स अॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. ही औषधे आजही बहुतेक भारतीय कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कर्करोगाचे अनेक उपचार अंगीकृत रुग्णालयांत मोफत मिळतात. कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे. उपचार सुरू करण्याआधीच रुग्णालयातील समाजसेवा विभागाला भेटले तर बराच खर्च वाचतो. मुंबईत राहण्याचा प्रश्न आला की दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आजही बाहेरगावच्या रुग्णांचा आधार आहे.

वेदना, दम आणि खोकला कमी करणारे उपशामक उपचार शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायचे नसतात. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते निदानापासूनच मिळालेल्या रुग्णांचे दिवस अधिक बरे गेले आणि ते इतरांपेक्षा सुमारे अडीच महिने जास्त जगले.

लक्षणांआधीची तपासणी

लक्षणे नसतानाच गाठ शोधण्याचा सिद्ध झालेला मार्ग म्हणजे कमी मात्रेचा सीटी स्कॅन. अमेरिकेत ५३ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या चाचणीत या तपासणीने फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले, असे २०११ साली जाहीर झाले. पुढे युरोपातही तसाच अनुभव आला. अमेरिकेत आता ५० ते ८० वर्षे वयाच्या, रोज एक पाकीट या हिशेबाने किमान २० वर्षे सिगारेट ओढलेल्या आणि अजून ओढणाऱ्या किंवा गेल्या १५ वर्षांत सोडलेल्या लोकांना दरवर्षी हा स्कॅन सुचवला जातो.

त्यालाही मर्यादा आहेत. अमेरिकेतील त्या चाचणीत जवळजवळ एक चतुर्थांश स्कॅनमध्ये काहीतरी संशयास्पद दिसले आणि त्यांतल्या ९६ टक्के वेळा तो कर्करोग नव्हताच. टीबीचे जुने व्रण घरोघरी असलेल्या भारतात हा घोळ आणखी वाढू शकतो. सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी होते; फुप्फुसासाठी तशी सोय नाही. म्हणून सरसकट सर्वांनी स्कॅन करून घेणे योग्य नाही. पन्नाशी ओलांडलेल्या आणि वर्षानुवर्षे ओढलेल्या व्यक्तीने मात्र छातीच्या तज्ज्ञाशी याबद्दल बोलावे.

जागृती काय करू शकते

जनजागृतीने खरोखर फरक पडतो का, याचे उत्तर इंग्लंडने २०१२ साली दिले. तीन आठवडे खोकला असेल तर डॉक्टरला सांगा, एवढा एकच संदेश दूरचित्रवाणी, रेडिओ आणि वर्तमानपत्रांतून काही आठवडे देण्यात आला. आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांच्या तुलनेत सुमारे ७०० रुग्ण अधिक सापडले, आणि सुमारे ३०० अधिक लोकांवर शस्त्रक्रिया होऊ शकली. नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. एक वाक्य लोकांपर्यंत पोचले होते.

भारतात तंबाखूविरोधी प्रचाराची वाट बरीच चालून झाली आहे. गोव्याने १९९७ सालीच धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध कायदा केला. देशभराचा कायदा २००३ साली आला, २००८ च्या गांधी जयंतीपासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी झाली आणि २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्रमय इशारा आला. सिगारेट सोडल्यावर दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ओढत राहणाऱ्याच्या साधारण निम्म्यावर येतो, त्यामुळे सोडायला कोणतेही वय उशिराचे नसते. त्यासाठी १८००-११-२३५६ ही मोफत राष्ट्रीय मदतवाहिनी आहे आणि तिचा क्रमांक पाकिटावरच छापलेला असतो.

आता गरज आहे ती दुसऱ्या अर्ध्या संदेशाची, म्हणजे खोकला वेळीच तपासून घेण्याच्या. आशाताई टीबीसाठी खोकला विचारतेच. थुंकी निगेटिव्ह आलेल्या माणसाकडे तिने महिन्याभराने पुन्हा जावे. औषधाच्या दुकानात तिसऱ्यांदा खोकल्याची बाटली मागणाऱ्याला दुकानदाराने एक्स-रे सुचवावा. कुटुंबाच्या डॉक्टरने चुलीपुढे आयुष्य गेलेल्या आजीच्या खोकल्याला ‘वयाचा’ म्हणू नये. नोव्हेंबर हा जगभर फुप्फुसाच्या कर्करोगाच्या जागृतीचा महिना मानला जातो आणि दिवाळी त्याच सुमारास येते. घर भरलेले असते, महिनोन्‌महिने न दिसलेली माणसे समोर बसतात, आणि कोण खोकते आहे, कोण वाळले आहे, हे लक्षात येते.

तेव्हा वाचकाने एवढेच करावे. खोकला तीन आठवडे टिकला असेल, तर त्या माणसाला छातीच्या एक्स-रेसाठी घेऊन जावे. थुंकीत टीबी सापडला नाही, तर तिथे न थांबता पुढची तपासणी मागावी. बेडक्यात रक्त दिसले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.